वेताळ कोणाच्या बाजूने उभा आहे?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वेताळावरून, म्हणजे चित्रकथांतल्या मुखवटेवाल्या ‘फँटम’वरून, जोरदार वाद पेटलाय. निमित्त मी टाकलेल्या एका फोटोचं. इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला घेतलेल्या ‘फान्तोमेन’ या वेताळाच्या स्वीडिश मासिकाचं मुखपृष्ठ, आणि त्यावरचा वेताळ निळा. सांगलीहून दादाने लगेच लिहिलं, “हा आपला वेताळ नव्हे. आपला जांभळा.” पुण्याच्या ताईचं म्हणणं, जुन्या पात्रांना कुणी हातच लावू नये, नवे लोक फक्त बिघडवतात. अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने तर मुळावरच घाव घातला : “मामा, जंगलातल्या काळ्या लोकांवर हुकूम चालवणारा गोरा माणूस आज कुणाला हवाय?”

रंगाचा वाद मला लवकर संपवायचाय. अमेरिकन लेखक ली फॉकने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात वेताळ सुरू केला तेव्हा तो काळ्यापांढऱ्या पट्टीत होता. फॉकच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पुरवण्या आल्या आणि छापताना तो जांभळा झाला. स्वीडन-नॉर्वेत तो निळाच राहिला, इटलीत लाल. यातला कुठलाही एक रंग खरा ठरवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

ताईचा मुद्दा मात्र नीट बोलण्यासारखा आहे. आम्ही लहानपणी वाचला तो वेताळ इंद्रजाल कॉमिक्सचा. मुंबईतून टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. तिथल्या संपादकांनी पात्राला हात लावलाच होता. मूळ चित्रकथेत चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं, ते ‘सिंगा’ केलं. वेताळाच्या वडिलांना मारणाऱ्या खलनायकाचं नाव ‘राम’, तो ‘रामालू’ झाला. वेताळाच्या देशाचं बंगालची आठवण करून देणारं नाव बदलून ‘डेंकाली’ झालं. पानांत बसावं म्हणून चौकटीही गाळल्या जात. मला हे बदल योग्य वाटतात. शीख वाचकाच्या घरात जाणाऱ्या पुस्तकात दरोडेखोरांना सिंग म्हणणं चूकच होतं. पण मग ज्याला आपण मूळ, अस्सल, न बिघडलेला वेताळ म्हणतो, तो मुंबईच्या संपादकांनी विचारपूर्वक बदललेला वेताळ आहे. आपलं प्रेम त्या बदललेल्या रूपावर जडलं, आणि ते प्रेम खरं आहे.

इथे एक भेद करायला हवा. २०२५ च्या जानेवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या चित्रपटातलं लेझीमचं दृश्य आक्षेपांनंतर दिग्दर्शकांनी काढलं. दूर बसूनही मी त्या चर्चा वाचत होतो. तिथे प्रश्न होऊन गेलेल्या माणसाचा आणि लोकांच्या श्रद्धेचा होता, त्याचं मोजमाप वेगळं. पण हल्ली तोच सूर, ‘आमच्या माणसाला हात लावाल तर’, काल्पनिक पात्रांसाठीही लागतो, आणि ते मला काळजीचं वाटतं. काल्पनिक पात्राला नवी गोष्ट मिळाली नाही, तर ते जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातच राहतं. आपल्याकडे वेताळाचं तसंच झालं. त्याचे जुने अंक गोळा करणारे दर्दी खूप आहेत, मीही त्यांतलाच, पण त्याची नवी गोष्ट मराठीत कोण लिहितंय?

स्वीडनमध्ये उलट घडलं. १९५० पासून इथे त्याचं स्वतंत्र मासिक आहे, आणि १९६३ पासून परवाना घेऊन इथले लेखक-चित्रकार स्वतःच्या कथा करू लागले. त्या कथांत वेताळाच्या देशाला लागून रोडिया नावाचा देश येतो. तिथे मूठभर गोऱ्यांची वर्णद्वेषी सत्ता आहे आणि वेताळ तिच्याविरुद्ध उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध स्वीडनमध्ये मोठी चळवळ होती, त्या काळातली मुलं हे वाचत मोठी झाली. इथल्या जुन्या वाचकांशी बोलताना ते मला पोशाखापेक्षा हे आधी सांगतात.

म्हणून भाच्याचा प्रश्न मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. तो बरोबर बोट ठेवतोय. तीसच्या दशकातल्या त्या पट्ट्यांमध्ये वसाहतवादी नजर आहे, आणि तिची सफाई देण्याचा प्रयत्न करू नये. फॉकने स्वतः नंतर बरंच सुधारलं. त्याने देशाला लमांडा लुआगा हा निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दिला. जंगल गस्ती दलाची सूत्रं गोऱ्या कर्नल वीक्सकडून कृष्णवर्णीय कर्नल वोरुबूकडे गेली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तर लोकांनी आपल्या युद्धाच्या ढालींवर वेताळ रंगवला, कारण न मरणारा योद्धा (मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून वेताळ अमर भासतो) त्यांना आपला वाटला. ज्यांच्यावर वसाहतवाद्यांनी राज्य केलं त्यांनीच त्याला असं उचलून घेतलं, हे भाच्याने लक्षात घ्यावं.

तरी वेताळाच्या जंगलात राहणाऱ्या बांदार जमातीचं चित्रण अजून खटकतं. गुरान हा त्यांचा प्रमुख, वेताळाचा बालपणापासूनचा मित्र, पण बहुतेक कथांत निरोप आणणं आणि जखमा बांधणं एवढंच त्याच्या वाट्याला येतं. मूळ कथा यापेक्षा मोठी आहे. १५३६ मध्ये जहाज लुटलं गेल्यावर एक तरुण किनाऱ्यावर अर्धमेला पडतो, आणि त्याला उचलून जगवतात ते हेच बांदार लोक. म्हणजे पहिला वेताळ हा परक्या किनाऱ्यावर स्थानिकांनी जगवलेला माणूस आहे. मी स्वतः परमुलखातल्या लोकांच्या आधाराने उभा राहिलो, त्यामुळे ही बाजू मला आज जास्त भिडते. ही गोष्ट बांदारांच्या नजरेतून कुणीतरी सांगावी : या परक्यावर विश्वास का टाकला, त्याच्या मुलाला, नातवाला, एकविसाव्या पिढीलाही आपलं का मानलं, आणि कधी नकार द्यावासा वाटला का. स्वीडिश लेखकांनाही इथे मर्यादा पडते. स्टॉकहोम-माल्मोत बसून आफ्रिका रंगवणाऱ्यांत आफ्रिकेतला लेखक हवा, आणि भारतातलाही चालेल. वेताळावर तिथल्या वाचकांचाही हक्क आहेच.

दुसरी मागणी वारसाची. वेताळाला जुळी मुलं आहेत, किट आणि हेलॉइज. इथे माझी मुलगी ते अंक वाचते आणि तिला सरळ वाटतं की बाविसावा वेताळ हेलॉइज होणार. दादाला हे अजिबात मान्य नाही. पहिल्या वेताळाने कवटीवर हात ठेवून घेतलेल्या शपथेत ‘माझे मुलगे आणि त्यांचे मुलगे’ असं आहे, हा त्याचा आधार. पण दादा, फॉकनेच १९५२ मध्ये सतराव्या वेताळाची बहीण ज्युली उभी केली होती. भाऊ जायबंदी झाला तेव्हा मुखवटा चढवून जंगलाची जबाबदारी तिने घेतली. ली फॉकला जे पन्नासच्या दशकात सुचलं आणि पटलं, ते आज सांगलीत पटायला काय हरकत आहे? शपथेतला महत्त्वाचा भाग चाचेगिरी, लोभ, क्रूरता आणि अन्याय यांच्याशी लढण्याचा आहे, आणि तेवढं हेलॉइजला नक्की जमेल.