पायाची शीर का वापरली? : आपल्या अभिप्रायास रुग्णालयाचे उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या बायपासविषयी दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, पुण्यातील एका रुग्णालयात आपल्या मेहुण्यांची बायपास पायाला हात न लावता, केवळ धमन्या वापरून झाली; आमच्याकडे मात्र छातीतील एकच धमनी घेऊन उरलेले दोन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणारे रक्तवाहिनीचे तुकडे) पायाच्या शिरेचे लावले गेले, ही शीर दहा वर्षांत बंद पडते हे ठाऊक असूनही वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी तीच वापरली, आणि घोट्यापासून मांडीपर्यंतच्या त्या जखमेची सूज अजून उतरलेली नाही. रुग्णाच्या कागदपत्रांतील कोणतीही गोष्ट मी येथे उघड करणार नाही. वय ७१, जुना मधुमेह, जास्त वजन, वाढलेले क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) आणि अँजिओग्राफीतील आकडे आपण स्वतःच जाहीर लिहिले आहेत, तेवढ्यांच्याच आधारे बोलतो. आपला प्रश्न रास्त आहे. त्यातील हेत्वारोप मात्र मला मान्य नाही.

बायपासमध्ये सर्वांत मोठी भिस्त असते ती हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या एलएडी या वाहिनीवरच्या ग्राफ्टवर. तेथे आम्ही छातीच्या आतील डावी धमनी, म्हणजे ज्याला सगळे ‘लिमा’ म्हणतात ती, लावली, हे आपणही नमूद केले आहे. छातीतील धमनी हृदयाच्या वाहिनीला शिवण्याचे काम लेनिनग्राडमध्ये शल्यविशारद कोलेसोव यांनी १९६४ मध्येच केले होते. पण १९६७ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास रूढ केली आणि पुढची कित्येक वर्षे जगभर शीरच चालली, कारण ती लांब असते, सहज मिळते आणि एका पायातून तीन-चार ग्राफ्ट निघतात. १९८६ मध्ये त्याच क्लीव्हलंडच्या शल्यविशारदांनी आपल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. एलएडीवर छातीतील धमनी लावलेले रुग्ण केवळ शिरा लावलेल्यांपेक्षा अधिक जगले होते. तेव्हापासून या एका जोडाबाबत फारसा वाद उरलेला नाही. खरा वाद आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्राफ्टचा.

शीर दहा वर्षांत बंद पडते, हे विधान अर्धेच खरे आहे. दहा वर्षांनी शिरेचे साधारण पन्नास ते साठ टक्के ग्राफ्ट चालू असतात, तर लिमा नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिरेला जन्मभर कमी दाबाची सवय असते. आत झडपा असल्यामुळे ती उलटी करून लावावी लागते, आणि एकदा महाधमनीला जोडली की धमनीचा पूर्ण दाब तिच्यावर येतो. पहिल्या काही आठवड्यांत ती गुठळीने बंद पडू शकते, वर्षभरात तिचे आतले अस्तर जाड होऊ लागते, आणि पुढे त्यावर चरबीचे थर चढतात. लिमाचे तसे नाही. तिचे वरचे टोक मूळ जागीच राहते, आम्ही फक्त खालचे टोक सोडवून एलएडीला शिवतो, आणि तिच्या अस्तरातून सतत स्रवणारा नायट्रिक ऑक्साइड तिला मोकळी ठेवतो.

मग उजवीही छातीतील धमनी का घेतली नाही? कारण याच दोन धमन्या छातीच्या मधल्या हाडालाही रक्त पुरवतात. सात देशांतील ३१०२ रुग्णांवर झालेल्या ‘आर्ट’ या चाचणीत एक आणि दोन धमन्यांची तुलना झाली. दहा वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण दोन धमन्यांच्या गटात २०.३ टक्के आणि एका धमनीच्या गटात २१.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. छातीच्या जखमेचे त्रास मात्र ३.५ विरुद्ध १.९ टक्के झाले. ठरलेल्या गटाप्रमाणे शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण या चाचणीत बरेच होते, त्यामुळे दुसऱ्या धमनीचा फायदा झाकला गेला असे माझ्या अनेक सहकाऱ्यांचे मत आहे, आणि ते मी उडवून लावत नाही. तरीही जुना मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या माणसाचे छातीचे हाड जुळले नाही किंवा त्यात पू झाला, तर काय हाल होतात हे ज्याने पाहिले आहे, तो अशा रुग्णात दोन्ही धमन्या काढताना दहा वेळा विचार करतो.

हाताच्या रेडियल धमनीबाबत आपली बाजू अधिक भक्कम आहे. सहा चाचण्यांतील १०३६ रुग्णांचे २०१८ मध्ये झालेले एकत्रित विश्लेषण सांगते की, पाच वर्षांच्या पाठपुराव्यात रेडियल ग्राफ्ट शिरेपेक्षा कमी बंद पडतो आणि हृदयाच्या तक्रारीही कमी होतात. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली असली तरी डावा हात मोकळा होता. मनगटावरील दोन्ही धमन्या दाबून, मूठ आवळायला व उघडायला लावून, एक बोट सोडल्यावर तळवा किती लवकर लाल होतो ते पाहण्याची तपासणी आम्ही रेडियल घेण्यापूर्वी प्रत्येकाची करतो. पण क्रिॲटिनिन वाढलेल्या मधुमेही रुग्णाला पुढे डायलिसिस लागले, तर फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) बहुधा याच हातावर करावा लागतो, आणि त्या वेळी ही धमनी हवी असते. शिवाय हृदयाच्या उजव्या वाहिनीतील अडथळा आपणच ७० टक्के लिहिला आहे. रेडियलची भिंत स्नायूंची असते. मूळ वाहिनीतून पुरेसे रक्त वाहत राहिले तर ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो, आणि रेडियल आकसून दोऱ्यासारखी बारीक होते. उजव्या बाजूला नव्वद टक्क्यांच्या खालच्या अडथळ्यावर मी ती सहसा लावत नाही. शीर तेथे अधिक सोशिक ठरते.

आपले मेहुणे ४८ वर्षांचे आणि मधुमेह नसलेले आहेत, असे आपण लिहिता. त्यांच्यासाठी केवळ धमन्यांची बायपास हा उत्तम निर्णय होता, आणि ते आमच्याकडे आले असते तर मीही तोच घेतला असता.

आपल्या अभिप्रायाखाली एका गृहस्थांनी कृत्रिम नळी का वापरत नाहीत, असे विचारले आहे. महाधमनीसाठी किंवा मांडीतील मोठ्या धमनीसाठी त्या उपयोगी पडतात. हृदयाच्या दीड-दोन मिलिमीटरच्या वाहिनीवर त्या गुठळीने लवकर बंद होतात.

पैशांविषयी: बायपासचे पॅकेज आमच्याकडे एकच आहे, ग्राफ्ट कोणताही लावला तरी बिल बदलत नाही. वेळ वाचतो हे खरे, कारण छातीचे काम सुरू असताना सहायक त्याच वेळी पायाची शीर काढत असतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत ते महत्त्वाचे ठरते. आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया आधी तारीख ठरवून झालेली होती; तेथे घड्याळाचा प्रश्नच नव्हता.

लांब जखमेची तक्रार मात्र वजनदार आहे. दुर्बिणीने छोट्या छेदातून शीर काढण्याची पद्धत आहे. ११५० रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत तिचे हृदयावरचे परिणाम उघड्या पद्धतीइतकेच आढळले, आणि पायाच्या जखमेचा संसर्ग ३.१ वरून १.४ टक्क्यांवर आला. हे उपकरण आमच्याकडे सध्या नाही. ज्यांना तीच पद्धत हवी असेल त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे. ती कोठे होते ते आम्ही सांगू.

शीर काढलेल्या पायाला काही आठवडे, कधी काही महिनेही, सूज राहते. बसताना पाय उंचावर ठेवणे, सांगितलेला इलॅस्टिक मोजा दिवसा घालणे आणि रोज चालणे याने ती उतरते. पण जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, ताप आला किंवा पोटरी दुखून कडक झाली, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी यावे. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी दातांच्या कामासाठी किंवा कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये, कारण शिरेचे ग्राफ्ट टिकण्यात या दोन गोळ्यांचा वाटा मोठा आहे. कोणत्या वाहिनीवर कोणता ग्राफ्ट लावला याची नोंद असलेल्या ऑपरेशन नोटची प्रत वडिलांच्या सहीच्या अर्जावर अभिलेख विभागात मिळेल. पुण्यातील डॉक्टरांचे मत घ्यायचे असल्यास ती आणि अँजिओग्राफीची सीडी सोबत न्यावी.

आपला,
संचालक व हृदयशल्यविशारद