कटकट मोजताना

काम एवढंसं होतं. मजकुरात ‘कटकट’ किती वेळा येते ते मोजायचं, तेही एकमेकींत अडकलेल्या कटकटी धरून. प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी असलेलं तयार फंक्शन, म्हणजे आयती आज्ञा, ‘कटकटकट’मध्ये एकच मोजतं. पहिली चार अक्षरं सापडली की ती बाजूला टाकून पुढे जातं, मागे उरतं नुसतं ‘कट’. माझ्या हिशेबानं कटकटी दोन होत्या. म्हटलं, आपणच लूप लिहू, म्हणजे एकच पायरी पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड, दोन मिनिटांचं काम. (ही दोन मिनिटं प्रोग्रामरची.)

मजकूर सहा अक्षरांचा, शोधायचा पॅटर्न चारचा. सहातून चार गेले, उरले दोन, म्हणून लूप दोनदा फिरवला. उत्तर आलं एक! पडद्यावर बोट टेकवून मोजलं तेव्हा उजेड पडला. संगणकाची मोजणी शून्यापासून, म्हणजे शून्य, एक, दोन अशा जागा तीन, आणि दुसरी कटकट नेमकी त्या तिसऱ्या जागेवर ठाण मांडून.

मग ठरावीक वेळा फिरणारा ‘फॉर’ लूप काढून अट खरी असेतो फिरणारा ‘व्हाइल’ घातला. जुळलं नाही तर आय, म्हणजे आपण कितव्या जागेवर आहोत तो आकडा, एकनं वाढव, जुळलं तर मोजणी वाढव. जुळल्यावर आयलाही पुढे ढकलायचं असतं, हे राहून गेलं. ‘सापडलं, सापडलं, सापडलं’ अशा ओळी धबाधबा कोसळू लागल्या आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. सहा अक्षरांत इतकी कटकट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शेवटी कनूथ, मॉरिस आणि प्रॅट या संगणकशास्त्रज्ञांना शरण गेलो. त्यांनी १९७७ साली छापलेली युक्ती अशी की, जुळलेलं विसरायचं नाही. ‘कटकट’ पुरी झाली तरी तिच्या शेपटातलं ‘कट’ हेच पुढच्या कटकटीचं तोंड असू शकतं, तेव्हा ती दोन अक्षरं हातात धरूनच पुढे सरकायचं. एका भांडणाच्या शेवटच्या वाक्यावरून दुसरं सुरू करणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत असावं.

उत्तर आलं दोन. त्या आनंदात खरी फाइल उघडली आणि सापडेल ती कटकट पुसून टाकायची ओळही जोडली. फाइलीतलं पहिलंच वाक्य होतं, ‘कटकटीला कंटाळलो.’ आता संगणकाच्या लेखी ‘टी’ म्हणजे ‘ट’ वेगळा आणि वेलांटी वेगळी. कटकट गेली. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांच्या गोलाला लटकलेली एकटी वेलांटी, आणि तिच्या पुढे ‘ला कंटाळलो.’