मोठे स्टेडियम म्हणजे घरचे मैदान नव्हे

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वर्तुळात सध्या एक मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकेतील कॉलेज संघ घरचे सुमारे दोन तृतीयांश सामने जिंकतात, कारण तेथील अवाढव्य प्रेक्षागारांतील गोंगाटाने पाहुण्यांचा नेम चुकतो, कोर्टाचे माप सगळीकडे सारखेच असते, त्यामुळे जागा बदलल्याने यजमानांचे काहीच जात नाही, तेव्हा इथल्या महाविद्यालयांनीही आवारातील कोर्ट सोडून यजमान सामने भाड्याच्या मोठ्या स्टेडियममध्ये भरवावेत. यातल्या प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, निष्कर्षात मात्र नाही.

दोन तृतीयांशांचा आकडा ढोबळमानाने बरोबर असला, तरी त्यातून स्थळाचे बळ मोजता येत नाही. तिथल्या हंगामाच्या पहिल्या टप्प्यात मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांच्या संघांना ठरावीक रक्कम देऊन आपल्याकडे खेळायला बोलावतात आणि परतीचा सामना बहुधा खेळत नाहीत. म्हणजे घरच्या विजयांतला बराच वाटा दुबळा पाहुणा निवडल्याचा असतो. खरी तुलना करायची, तर आपापल्या गटातील सामन्यांची करावी, जिथे संघ एकमेकांच्या घरी जाऊन खेळतात. यजमानांचे पारडे तिथेही जड असते, पण इतके नाही.

जितक्या खुर्च्या जास्त तितका फायदा जास्त, हे गृहीतक तर अमेरिकेतल्याच दोन शेजाऱ्यांनी खोटे ठरवले आहे. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 मधले आणि क्षमता 9,314 ची; तरीही पाहुण्यांना सर्वांत नकोशी वाटणारी जागा म्हणून त्याचेच नाव आधी घेतले जाते, कारण विद्यार्थी तिथे बाजूरेषेला अगदी खेटून उभे असतात. जवळच असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 1986 मध्ये एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे डीन स्मिथ सेंटर उघडले, कोर्टालगतच्या चांगल्या जागा देणगीदारांना दिल्या आणि प्रेक्षक थंड असल्याची टीका पुढे अनेक वर्षे ऐकली. ड्यूकच्या यशाचे सगळे श्रेय इमारतीला देता येणार नाही, हे उघड आहे; 1980 ते 2022 पर्यंत माइक शशेव्स्की यांच्यासारखा प्रशिक्षक लाभला, तर साधा हॉलही अभेद्य वाटू लागतो. उलट बाजूही मान्य केली पाहिजे. केंटकी विद्यापीठ 1976 पासून लेक्सिंग्टन शहराच्या मध्यभागी असलेल्या वीस हजारांच्या रप अरेनात खेळते आणि तिथे पाहुण्यांची चांगलीच दमछाक होते. पण त्या शहरात मोठ्या व्यावसायिक लीगचा संघ नाही आणि सारे शहर विद्यापीठाच्याच मागे उभे असते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाचा संघ आवाराबाहेर, शहरातील व्यावसायिक संघांच्या मोठ्या अरेनात खेळतो. विद्यापीठाच्या परिसराला मेट्रोचे स्थानकच नाही, आणि संघाचे दिवस फिरले की तिथल्या रिकाम्या खुर्च्याच अधिक ठळक दिसतात. गडकरी रंगायतनात हमखास हशा घेणारा प्रवेश अर्ध्या रिकाम्या मैदानात पडतो, तसाच हा प्रकार आहे.

आता गोंगाटाचा मुद्दा. माझ्या मते मूळ मजकुराची सर्वांत मोठी गफलत इथे आहे. आवाजाने नेम चुकत असेल, तर त्याचा परिणाम फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर, सर्वांत आधी दिसायला हवा, कारण तेव्हा खेळाडू एकटा असतो आणि समोर बचाव नसतो. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या अनेक हंगामांच्या आकडेवारीत मात्र यजमान आणि पाहुण्यांची फ्री थ्रोची टक्केवारी जवळजवळ सारखीच आढळते. आवाज काम करतो तो बहुधा पंचांवर. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात 40 प्रशिक्षित फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातील प्रसंग दाखवले गेले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. खेळ वेगळा असला, तरी बास्केटबॉलचा पंच प्रेक्षकांच्या कितीतरी अधिक जवळ, रेषेवरच उभा असतो. चेंडू फेकणाऱ्याला विचलित करायचेच, तर तेही अंतरावर ठरते: ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी 2013 पासून बास्केटच्या मागे पडदा उघडून चित्रविचित्र सोंगे काढतात, आणि हा उद्योग गॅलरीच्या विसाव्या रांगेतून जमणारा नाही.

मोठ्या गर्दीचा दाखला म्हणून त्या मजकुरात वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर 2019 मध्ये झालेल्या एनबीएच्या दोन सराव सामन्यांचाही उल्लेख आहे. हे सामने सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, तरीही पेसर्सने दोन्ही सामने जिंकले. तिथे गर्दी होती, घर कोणाचेच नव्हते.

कोर्ट 28 बाय 15 मीटरचे असले, म्हणजे सारखेच झाले असे नाही. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या नियमित हंगामात चेंडूसुद्धा यजमानांच्या पसंतीचा असतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या जुन्या जिमखान्यात राखीव खेळाडूंचे बाक बाजूरेषेऐवजी बास्केटमागच्या रेषेला आहेत, त्यामुळे पाहुण्या प्रशिक्षकाला अर्धा वेळ आपला संघ दुरूनच पाहावा लागतो. राष्ट्रीय स्पर्धेत एनसीएए ही अमेरिकी कॉलेज खेळांची नियामक संस्था एखादी जागा संघाचे घर मानते, ती त्या संघाने नियमित हंगामातील तीनपेक्षा जास्त सामने तिथे खेळले असतील तेव्हाच. वर्षातून एखाद्या वेळी भाड्याने घेतलेले स्टेडियम या कसोटीला उतरत नाही; तिथे यजमानही पाहुणेच असतात.

आपल्याकडे तर फरक आणखी ठळक आहे. महाविद्यालयांची कोर्टे बहुतेक उघड्यावरची आणि सिमेंटची असतात. पाच वाजता कोणत्या रिंगकडे तोंड केले की ऊन डोळ्यांवर येते, कोणत्या बोर्डावरून चेंडू मेल्यासारखा परततो, कोणत्या कोपऱ्यात चेंडू नीट उसळत नाही, हे रोज सराव करणाऱ्या मुलांना ठाऊक असते. लाकडी फ्लोअरच्या हॉलमध्ये ही सगळी माहिती निरुपयोगी ठरते. शिवाय आंतरमहाविद्यालयीन सामने सहसा एकाच यजमान महाविद्यालयात बाद पद्धतीने होतात, म्हणजे हा फायदा मुळात एकाच संघाच्या वाट्याला येतो आणि तोच संघ हा फायदा सोडून देणार. तास संपवून जिना उतरला की सामना पाहणारा विद्यार्थी ट्रान्स हार्बरची गाडी पकडून, वर रिक्षाचे भाडे भरून, बाद फेरीच्या सामन्याला कितपत येईल, याचा अंदाज कोणत्याही क्रीडाशिक्षकाला आहे.

पावसाळ्यात स्पर्धा आली तर छताखालची जागा घ्यावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हाही सर्वांत मोठा हॉल शोधण्यापेक्षा महाविद्यालयाच्या सर्वांत जवळचा घ्यावा, संघाला तिथे आधी काही दिवस सराव करू द्यावा आणि पाहुण्यांच्या बाकामागची पहिली रांग मान्यवरांऐवजी विद्यार्थ्यांना द्यावी.