झाड उतरवायचा भाव ठरवण्याआधी "पाला कुणाचा?" ते विचारा

जळगाव-धुळ्याकडे मे-जूनची वादळं जवळ आली की घरालगतची झाडं उतरवायची घाई सुरू होते. ठेकेदार येतो, बुंध्याला कवेत घेऊन बघतो, मान वर करतो आणि उक्ता आकडा सांगतो. त्या आकड्यात ओंडके त्याचे धरलेले असतात. डहाळ्या, पाला आणि बुडखा कुणाचा, यावर कुणीच बोलत नाही. संध्याकाळी लाकूड वखारीकडे निघून जातं आणि गल्लीत कंबरभर ढीग उरतो. मग तो ढीग रात्री नाल्यात जातो नाहीतर सकाळी पेटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की झाड खाली पाडणं सोपं, उचलणं अवघड, आणि उचलणीचा भाव नजरेने ठरत नाही. टेप लावावा लागतो.

बुंध्यापासून सुरुवात करू. छातीच्या उंचीवर घेर फुटात मोजा. घेर गुणिले घेर, भागिले साडेबारा, गुणिले लांबी, हे झाले खरे घनफूट. वखारीवाले घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. त्यांचं माप खऱ्या मापाच्या साधारण 78 टक्के येतं. लाकूड विकताना तो रिवाज चालतो, पण वजनाचा अंदाज त्यावर बांधला की ट्रॉली ओव्हरलोड झालीच म्हणून समजा. ओल्या लाकडाचं वजन घनफुटाला 25 ते 30 किलो धरा.

कॉलनीतला मध्यम निंब घ्या. घेर 5 फूट, पहिल्या फाट्यापर्यंत 8 फूट. म्हणजे 16 घनफूट, सव्वाचारशे किलोच्या आसपास. वर चार जाड फांद्या, प्रत्येकीचा घेर अडीच फूट आणि लांबी 8 फूट. तेही मिळून 16 घनफूट होतात. सगळं जाड लाकूड साडेआठशे किलो. हे ट्रॉलीच्या तळाशी बसतं, अर्धी खेपसुद्धा भरत नाही.

आता उरलेलं बघा. डहाळ्या, काटक्या आणि पाला वजनाला जवळपास तेवढाच, सात-आठशे किलो. पण जागा? वाळूचा एक ब्रास चार-साडेचार टन भरतो, हे आपल्याकडे बांधकाम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सैल टाकलेल्या फांद्यांचा एक ब्रास, म्हणजे तेच 100 घनफूट, दोनशे ते तीनशे किलोच भरतो. बाकी नुसती हवा. म्हणजे या एका निंबाचा पाला तीन ते चार ब्रास. दहा बाय सहाच्या ट्रॉलीला उभ्या काठ्या लावून 5 फुटांपर्यंत रचलं तर तीन ब्रास मावतात. नुसतं फेकत गेलात तर दोन खेपा लागतात. तोच पाला हातभर तुकडे करून, बुडाची बाजू एकीकडे ठेवून, थरावर माणूस चढवून दाबला तर काम एका खेपेत निघतं. छोटा हत्ती यासाठी बोलावू नका. त्याची वजनाची ताकद पाऊण टनाची असली तरी फाळका लहान. पाव टन पाला चढला की वर मावत नाही आणि भाडं पूर्ण.

रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी झाली तर मात्र हिशोब नेमका उलटा होतो. केळीचा खांब पाण्याने भरलेला असतो. ट्रॉली दिसायला अर्धी आणि वजन पूर्ण. तिथे ब्रासचा हा आकडा लावू नका. मुळात केळीचं खोड वाहून नेण्यात अर्थच नाही, वावरातच बारीक करून मातीआड करावं.

ढीग रचून झाला की लांबी, रुंदी, उंची मोजा आणि उंची दोन-तीन ठिकाणी घेऊन सरासरी धरा. ढीग मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. टोकाची उंची धरली तर माप दीडपट निघतं आणि तेवढ्या खेपांचे पैसे फुकट जातात.

एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हाचा फायदा घ्या. ओल्या लाकडात वजनाच्या चाळीस-पन्नास टक्के पाणीच असतं. अंगणात जागा असेल तर फांद्या आठ-दहा दिवस पडू द्या. पाला झडतो, तो खराट्याने गोळा होतो, काटक्या कडक होऊन पायाखाली मोडतात आणि ढीग बसतो. पण जून उजाडायच्या आत उचला. पावसाळाभर राहिलेल्या ढिगात साप-विंचू घर करतात, आणि लहान मुलं तिथेच खेळतात.

चेनसॉवाला कामाला लागायच्या आधीच ढिगांच्या जागा ठरवून द्या. ओंडके, सरपण, पाला-काटक्या आणि काटे असे चार ढीग वेगळे हवेत. काटे सगळ्यात आधी बाजूला घ्या. बाभळीचा एक काटा ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये गेला की अर्धा दिवस गेला. बाभूळ आणि वेड्या बाभळीचे काटे बांधावर कुंपणाला घेणारे शेतकरी जवळच सापडतात. वेड्या बाभळीच्या शेंगा मात्र कुंपणावरही नकोत आणि शेळ्यांपुढेही नकोत. बी शेळीच्या पोटातून शाबूत निघतं आणि पुढच्या वर्षी सगळा बांध त्याच रोपांनी भरतो. निंब आणि बाभळीचा ओला पाला शेळ्या आवडीने खातात. गल्लीत शेळ्या असतील तर ढिगातला बराच पाला दोन दिवसांत कमी होतो. सुबाभूळ थोडीच द्या, पोटभर नको. कण्हेर कधीच नको, आणि तिचा धूरही घरात जाऊ देऊ नका.

ओंडक्यांबद्दल एक अडचण लोकांना उशिरा कळते. रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतात. पाट्या, बॅनर, कुंपणाची तार, सगळं साल वाढून आत गिळलेलं असतं. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त सालीवर एक दुमडलेली चीर किंवा निळसर काळा डाग. आरा मशीनवाला तो डाग बघूनच ओंडका परत करतो, कारण एका खिळ्यात पातं जातं. असं लाकूड सरपणाच्या भावात जाईल हे भाव ठरवतानाच धरा. नाहीतर "लाकडात पैसे वळते होतील" हा हिशोब दुपारी कोलमडतो आणि ठेकेदार पाला टाकून निघून जातो.

परवानगीचं थोडक्यात. शहरात 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज लागतो. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड अधिनियम आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर आहेत, तसा आपल्या खानदेशातला अंजनही आहे. तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा. ओंडके ट्रॉलीत चढवण्याआधी वनविभागात विचारा, वाटेत अडवल्यावर नाही.

आता पेटवण्याबद्दल. मला या गोष्टीची खरंच चीड येते. ओला निंब जळत नाही, दोन दिवस धुमसतो. वांगी भाजायला पराटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, लागतात त्या वाळलेल्या असतात म्हणून. ओल्या पाल्याने फक्त धूर होतो आणि शेजारच्या घरातला दम्याचा माणूस रात्रभर बसून काढतो. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000 रुपये दंड, असा हरित लवादाचा आदेश 2016 पासून आहे. नाल्यात टाकणं त्याहून वाईट. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फांद्या मोरीच्या तोंडाशी आडव्या होतात, त्यावर प्लॅस्टिक साचतं आणि पाणी वस्तीत शिरतं.

त्यापेक्षा कुट्टी करा. चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र, मिळाला तर तीन-चार ब्रासचा ढीग जेमतेम एका ब्रासवर येतो. पराटीची कुट्टी करणारं ट्रॅक्टरवरचं यंत्र लोक यासाठी मागवतात. त्यात अंगठ्याएवढ्या काटक्यांपर्यंतच घाला. मनगटाएवढी निंबाची फांदी गेली की पाती वाकतात, आणि मालक पुढच्या वेळी कपाशीलाही यंत्र देत नाही. कडबाकुट्टीत तर फांदी घालूच नका. फांदीचा आकडा बाहीत अडकून हात आत ओढला जातो.

एक ब्रास कुट्टी चार इंच थराने तीनशे चौरस फुटांवर पसरते. लिंबू-मोसंबीच्या आळ्यात टाका, खोडापासून वीतभर लांब. मातीत मिसळू नका. ताजं लाकूड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात. हलक्या जमिनीत उधईचा त्रास असेल तर थर दोन इंचांचाच ठेवा. कुट्टी जमत नसेल तर पाला खड्ड्यात शेणकाल्यासोबत थराथराने घाला. पाला तीन-चार महिन्यांत कुजतो. काड्या उरतात, त्या चाळून पुढच्या खड्ड्यात टाका.

शेवटी बुडखा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जेसीबीने बुडखा काढायचा असेल तर बुंधा जमिनीलगत कापू नका. चार-पाच फूट उभा ठेवा. तोच दांडा धरून यंत्र हलवतं. सपाट कापलेल्या बुडख्याला पकड नसते. मग चारी बाजूंनी दुप्पट खणावं लागतं आणि तासाचं भाडं वाढत जातं. खणायच्या आधी नळाची आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते चुन्याने आखा. भिंत पाच-सहा फुटांच्या आत असेल तर ओढूच नका. मुळ्यांबरोबर पायाखालची माती निघते. तिथे जमिनीखाली वीतभर खाली कापून मातीने झाका. निंब-चिंचेचं बुड कुजायला वर्षं लागतात, लागू द्या. ड्रिलने भोकं पाडून त्यात शेणकाला भरला आणि ओल ठेवली तर लवकर होतं. मीठ ओतू नका. काळ्या जमिनीत मीठ गेलं की तिथे नंतर काही धड उगवत नाही. पिंपळ, सुबाभूळ, वेडी बाभूळ कापल्या जागेवरून पुन्हा फुटतात. वेड्या बाभळीचे डोळे जमिनीखाली वीतभर खोल असतात, तेवढ्याखाली कापल्याशिवाय ती मरत नाही.

त्या निंबाचा बुडखा काढायला सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा होतो. माती सुटी झाली की फुगते आणि एक ब्रासच्या वर भरते. बुडख्याचं लाकूड तीन-चारशे किलो, पण काळी माती मुळ्यांत घट्ट बसलेली असते आणि मातीसकट वजन दुपटीवर जातं. ओल्यात काढलात तर दगडासारखा गोळा ट्रॉलीत चढतो आणि वाहून नेता ती माती. म्हणून तो उन्हात आडवा करून मुळ्या वर ठेवा. पंधरा दिवसांत माती तडकते आणि घणाच्या चार घावांनी गळून पडते. मग मुळ्या तोडून सरपणात घाला. पाचरीने फोडलेला बुडखा वीटभट्टीवाले घेतात, न फोडलेला कुणी घेत नाही.

खड्डा कुट्टीने भरू नका, कुजल्यावर खचतो. मुळ्या वेचून काढलेली माती आणि कमी पडेल तिथे मुरूम, सहा ते नऊ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. वर वीतभर उंचवटा ठेवा. काळ्या जमिनीत मोठं झाड गेलं की मुळ्या ओढत होत्या ते पाणी मातीत राहतं आणि जमीन फुगते. लगतच्या ओट्याला किंवा कंपाउंडला तडे जाऊ शकतात. तिथे फरशी निदान एक पावसाळा जाऊ दिल्यावरच बसवा, आणि अर्धा ब्रास मुरूम बाजूला राखून ठेवा. पहिल्या दोन-तीन पावसांत खड्डा बसतो, तेव्हा तो लागतो.