अंदाज कुणाच्या वाट्याला?

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या आतेभावानं एक लांबलचक मजकूर टाकला. परदेशात छापलेली भारतीय स्वयंपाकाची पुस्तकं म्हणजे आपल्या जेवणाची विटंबना आहे, आपल्या आयांनी कधी चमचे मोजले नाहीत, त्यांच्या हातातच अंदाज होता, आणि पुस्तक उघडून आमटी करायची वेळ ज्या घरावर आली त्या घरातली संस्कृती संपली, असा एकूण सूर. खाली टाळ्या, जोडलेले हात, "अगदी मनातलं बोललास". मी इंग्लंडात लीड्समध्ये राहतो आणि पुस्तक उघडूनच आमटी करायला शिकलो. तो मजकूर वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही.

दादा, पहिला प्रश्न तुलाच. हा अंदाज तुला कुणी दिला? सुट्टीत तू सांगलीला यायचास. स्वयंपाकघरातून हाक यायची ती मुलींना. "फोडणीकडे बघ गं", "कणीक मळून ठेव". आपल्याला बोलवायचे ते पाटपाणी घ्यायला, तेही पंगत मोठी असली तर. अंदाज वर्षानुवर्षं शेगडीशेजारी उभं राहून येतो, आणि तिथं आपल्याला कुणी उभं केलं नाही. तुझ्यापुढे आमटी आजही वाढलेली येते. बायकांनी उभ्यानं कमावलेली गोष्ट तू संस्कृती म्हणून मिरवतोस, आणि ज्याला ती स्वतःच्या हातानं करायची आहे त्याला पुस्तक उघडलं म्हणून नावं ठेवतोस.

आयांना माप लागत नव्हतं हेही खरं नाही. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली. वाटी-चमच्याच्या मापात सगळं समजावणारं ते पुस्तक इतक्या घरांत गेलं, की कमलाबाईंना लोक कौतुकानं लाखभर सुनांची सासू म्हणायला लागले. लग्नात नव्या नवरीला 'रुचिरा' भेट द्यायची पद्धतच पडली होती. त्याच्याही कितीतरी आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र' लिहिलं होतं, एक हजार पाकक्रियांचं. म्हणजे मराठी बाई शंभराहून अधिक वर्षं पुस्तक उघडून स्वयंपाक करते आहे. आत्याच्या फळीवर 'रुचिरा' होती, मी पाहिली आहे. तिनं ती आधी वाचली, मग तिचा हात बसला. आपण तिला पाहिलं ते हात बसल्यावर, म्हणून आपल्याला तो जन्मजात वाटला.

मी लीड्सला आलो तेव्हा हाइड पार्क भागातल्या घरात चौघांत एक किचन होतं आणि हॉब, म्हणजे शेगडी, विजेचा. आईला फोन केला की ती सांगायची, कांद्याचा रंग बदलला की मसाला घाल, मोहरी तडतडली की हिंग टाक. तिचं बरोबर होतं, पण तिच्या गॅसवर. विजेच्या हॉबवर मोहरी तडतडायला वेळ लावते, आणि तडतडली की हॉब बंद करूनही भांडं तापतच राहतं. त्यात हिंग जळतो, लसूण करपतो. हे सांगलीहून फोनवर तिला कळणार कसं?

मग सिटी सेंटरच्या लायब्ररीत, ६४१.५ या स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या क्रमांकाच्या शेल्फवर, मधुर जाफरींचं पुस्तक हाती लागलं. दादा, तू ज्यांना विटंबना म्हणतोस त्या पुस्तकांच्या रांगेत हे नाव पहिलं येईल, म्हणून त्यांची गोष्ट ऐक. १९५०च्या दशकात त्या दिल्लीहून लंडनला नाटक शिकायला आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आईनं विमानाच्या टपालानं कृती लिहून पाठवल्या, त्यावरून त्या शिकल्या. पहिलं पुस्तक १९७३ साली अमेरिकेत निघालं, १९८२ साली बीबीसीवर मालिका झाली, आणि इंग्लंडातली घरं धने-जिरे भाजायला लागली. एका भागानंतर मँचेस्टरच्या दुकानांतली कोथिंबीर संपली होती, असं त्या स्वतः सांगतात. त्यांचं जेवण दिल्लीच्या कायस्थांचं, आमच्या सांगलीचं नव्हे. पण परक्या स्वयंपाकघरात एकट्यानं उभ्या असलेल्या माणसाला काय काय सांगावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. कांदा किती मिनिटं परतायचा, मसाला बुडाला लागायला लागला तर पाण्याचा हबका मारायचा, कुठल्या आचेवर. एका आईचा अंदाज पत्रांतून मुलीकडे आला आणि मुलीनं तो लाखो परक्यांना देऊन टाकला. यात विटंबना कुठे आहे?

'रुचिरा' नंतर आईनं पाठवली. मी ती प्रेमानं वाचतो. पण ती ज्या वाचकासाठी लिहिली आहे त्याच्या घराच्या कोपऱ्यावर गिरणी आहे. जिथं ज्वारी ताजी दळून येते तिथं विरीबद्दल, म्हणजे पिठाच्या चिकटपणाबद्दल, कोण कशाला लिहील? राउंडहे रोडवरच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ कधी दळलेलं असतं कुणास ठाऊक. विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडा चिरत जातात. उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून, गरम असतानाच मळलं तर निभावतं. आंबोळीचं पीठ जानेवारीत ओट्यावर ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही तसंच्या तसं असतं. ते एअरिंग कबर्डमध्येच, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटातच, ठेवायला हवं. आणि मोदक! आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून दळलेली पिठी इथं मिळत नाही, कोरड्या दळलेल्या तांदळाच्या पिठाची पारी हातात फाटते. थाई दुकानातली, पाण्यात दळलेली तांदळाची पिठी मात्र सुरेख उकडते आणि कळ्या नीट पडतात. हे मला कुठल्या मराठी पुस्तकानं सांगितलं नाही. गणपतीत भेटलेल्या एका वहिनींनी सांगितलं, त्यांना आणखी कुणी सांगितलं होतं. इतकं मोलाचं ज्ञान असं तोंडातोंडी फिरतंय आणि ते लिहून काढायचं म्हटलं की पुण्याहून बोलणी बसतात.

माझी बायको मालवणची. बांगडा इथं नाही. कर्कगेट मार्केटमध्ये मॅकरल मिळतो, बांगड्याचा भाऊबंद, पण अंगानं जास्त तेलकट. आम्ही त्याचंच तिखलं करतो. तिरफळं संपली की सिचुआन पेपर घालतो. हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा "मालवणी तिखल्यात चिनी मसाला" म्हणून केवढी बोंब झाली! तिरफळ आणि सिचुआन पेपर ही झँथोझायलम या एकाच वनस्पतिगटातली झाडं आहेत. दोन्हींतलं काळं बी टाकायचं आणि साल वापरायची, दोन्ही जिभेला मुंग्या आणतात. मला ही अदलाबदल इंग्रजी पुस्तकामुळे सुचली, कारण ती पुस्तकं "हे नसेल तर काय" हा प्रश्न मनावर घेतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी चाखून बघितलं. "वेगळा आसा, पण बरा लागता," म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं. मालवणातल्या बाईला चालतं ते पुण्यातल्या माणसाला चालत नाही. त्याच पुण्यात शेजवान डोसा आणि चीज घातलेली पावभाजी रांगा लावून खातात. ती विटंबना नाही, कारण ती तिकडे झाली.

इंग्रजांचं मला सगळंच पटतं असं नाही. पण शिकायची लाज न बाळगणं हे त्यांच्याकडून जरूर घ्यावं. पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या डेलिया स्मिथ यांनी १९९८ साली टीव्हीवर अंडं उकडण्यापासून स्वयंपाक शिकवायला घेतला. काही शेफ मंडळींनी नाकं मुरडली, त्या मालिकेचं पुस्तक तरीही घराघरांत गेलं. आपल्याकडे चाळिशीच्या पुरुषानं कुकरला पाणी किती घालायचं हे विचारलं तर सगळी खोली हसते. मग तो विचारतच नाही, ॲपवरून जेवण मागवतो, आणि संस्कृतीवर मजकूर पुढे पाठवतो.

अंदाजाचं आणखी एक दुखणं आहे आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. तो घराबाहेर जात नाही. ज्या घरात जन्मलो त्या घरातलं जेवण तेवढं माहीत. सांगलीत आमच्या गल्लीपलीकडच्या वस्तीत काय शिजतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं कुणी सुचवलंही नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं जेवण त्यांनी लिहून ठेवलं, तेला-तुपाची चैन नसलेलं, चान्यांचं (वाळवलेल्या मांसाच्या तुकड्यांचं), जे मिळेल त्यातून उभं केलेलं. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला, तो माझ्या मुलीनं आमच्या सेमी-डिटॅच्ड घरातल्या जिन्यात बसून वाचला. "बाबा, हे पण मराठीच ना? मग तुम्ही कधी सांगितलं नाही ते?" मी तिला जे खरं ते सांगितलं: आमच्या घरात ते आमच्यापर्यंत पोचू दिलं गेलं नाही. दादा, तू जे जपायला निघाला आहेस ते कुणाकुणाचं जेवण आहे, ते एकदा नीट सांग. लिहिलेलं असलं तर निदान शोधता येतं, वाचता येतं, आपल्याला काय दिसलं नाही ते कळतं.

एवढे मुद्दे मांडूनही राग उरतोच, आणि तो का उरतो हे मला माहीत आहे. सांगलीला गेलो की मी हट्टानं एक दिवस स्वयंपाक करतो. कटाची आमटी करतो, वांगी भरतो. जेवून उठताना काकू म्हणते, "तिकडे राहूनसुद्धा छान जमतं हो तुला." ती मायेनंच म्हणते, आणि माझा घास अडतो. मला शाबासकी नको असते. त्या घरातल्या कुणी वाढावं तसं मला वाढायचं असतं, आणि कुणी काही न बोलता जेवावं, मीठ कमी असलं तर मीठ मागावं. लीड्समध्ये शेजाऱ्यांसाठी माझं जेवण इंडियन, ऑफिसात ती करी, आणि सांगलीत ते परदेशातलं. मराठी ते फक्त माझ्या किचनमध्ये असतं. त्या किचनला कुणी खोटं म्हटलं की मग मला उभं राहायला जागाच उरत नाही.

मुलीचं दुःख वेगळं. ती मराठी बोलते, पण तिला वाचता येतं ते फलकावरच्या पाटीपुरतं. शनिवारच्या मराठी शाळेनं काना-मात्रा दिल्या, अख्खं पान वाचण्याची सवय काही दिली नाही, आणि मीही ती लावू शकलो नाही. 'रुचिरा' तिच्या आजीकडून माझ्याकडे आली. तिच्या हातात ती बंदच राहील. तिच्यापर्यंत आमटी पोचायची ती इंग्रजीतून आणि ग्रॅममध्ये. हे मला लागतं. ग्रुपवर मी हे कधी लिहिलं नाही, कारण दादा लगेच म्हणेल, बघ, म्हणजे माझंच खरं. पण त्याच्याकडे यावर इलाज काय आहे? आजी हजारो किलोमीटरवर आहे. तिच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहणं या पोरीला शक्य नाही.

म्हणून आता आम्ही बापलेक घरातल्या कृती लिहून काढतो आहोत, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. आई व्हिडिओवर तूरडाळीची मूठ दाखवते. "एवढी." "आजी, काट्यावर ठेव ना." आईनं त्यासाठी वजनकाटा आणला. तिची मूठ ६० ग्रॅमच्या आसपास निघाली. तिच्या मिसळणाच्या डब्यातला चमचा इथल्या ५ मिलिलिटरच्या टीस्पूनपेक्षा बराच लहान निघाला; इतकी वर्षं माझ्या भाजीत हळद जास्त का होत होती ते त्या दिवशी कळलं. आईला यात कुठे अपमान वाटला नाही. उलट ती आता स्वतःहून फोन करते, गोड्या मसाल्यात दगडफूल किती ते मोजून ठेवलंय म्हणून सांगते.

दादा, आमच्याकडे आत्याच्या मेतकुटाची कृती नाही. ती कुणाकडेच नाही, तिच्या एकटीच्या हातात आहे. येत्या रविवारी तिच्या शेजारी उभा राहा. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू सगळं वेगवेगळं मोजून घे, प्रत्येक जिन्नस किती वेळ भाजला आणि कुठल्या रंगावर उतरवला ते लिही, आच मोठी होती की बारीक तेही. सुंठ आणि हळद ग्रॅममध्ये. आणि लिहिलेलं ग्रुपवर टाक.