‘बदल्यात झाडं लावू’

बास झालं! हे वाक्य आता ऐकवत नाही. रस्ता रुंद करायला झाडं तोडायचीत? बदल्यात झाडं लावू. सोसायटीचा पुनर्विकास? बदल्यात झाडं लावू. कुठे लावणार? आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार?

मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती, तेव्हा काय झालं? ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू! ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. अहो, एवढी घाई कसली? लोक दुसऱ्या न्यायालयात जाईपर्यंत तरी थांबायचं!

महाराष्ट्रात शहरांतल्या वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायला सांगितली. कागदावर हिशेब जुळतो हो, पण साठ वर्षांच्या वडाची सावली साठ काड्या देतील? घारीने घरटं कशावर बांधायचं? पोपटाने ढोली कुठे शोधायची?

आणि जी झाडं उरलीत त्यांचं काय चाललंय? बुंध्याला चिकटून काँक्रीट. खोडात खिळे ठोकून क्लासच्या पाट्या. फांद्यांना बारा महिने दिव्यांच्या माळा. छाटणीच्या नावाखाली एकाच बाजूच्या फांद्या उडवायच्या, केबलसाठी खणताना मुळं तोडायची, आणि जुलैच्या वाऱ्यात झाड कोसळलं की म्हणायचं, ‘धोकादायकच होतं ते!’ अरे, धोकादायक केलं कोणी?