पोत्यांचा हिशेब कोण मांडणार?

दर उन्हाळ्यात पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा थर दिसला, की कोल्हापूर आणि इचलकरंजीचं ठरलेलं भांडण सुरू होतं. इचलकरंजी बोट दाखवते कोल्हापूरचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याकडे, कोल्हापूर इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याकडे. दोघांचंही खरं आहे. इकडे नेदरलँड्समध्ये बसून माझं डोकं फिरतं ते या भांडणात हटकून येणाऱ्या तिसऱ्या वाक्यानं: 'ऊसवाल्यांचा ह्यात काय संबंध? आमच्या चार पोती युरियानं नदीला काय होतंय?'

चार पोती? बरं, मोजू या.

45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 20.7 किलो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे एकरी 160. सगळं युरियातूनच द्यायचं म्हटलं तरी पावणेआठ पोती झाली. त्यातून डीएपी आणि 10:26:26 या मिश्रखतांतलं नत्र, पोत्यामागे अनुक्रमे 9 आणि 5 किलो, वजा करायचं असतं. ते कुणी करत नाही, कारण डीएपी म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) एवढंच डोक्यात बसलंय. आता उचल बघा. टनाला ऊस साधारण एक ते दोन किलो नत्र घेतो. एकरी साठ टनांचा फड निघाला तरी फार तर 120 किलो. भरणीला, म्हणजे उसाला माती लावताना, शेजाऱ्याचं बघून हात सैल सोडला आणि बेरीज दहा पोत्यांवर गेली, तर 207 किलो झाले. वरचं गेलं कुठं?

युरिया सरीत वरूनच फेकला, की मातीतलं युरिएज हे विकर त्याचा दोन-चार दिवसांत अमोनिया करतं. दाण्याभोवतीचा सामू (पीएच) वाढतो. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, त्यामुळे बराचसा अमोनिया हवेत उडून जातो. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीवरही ऋण भार, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. रात्री लाइट आली, मोटर सुरू केली, सकाळपर्यंत सरी तुडुंब, की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली गेलं. पाणी साचून राहिलं, तर ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट हवा तापवतो. 2015 पासून सगळा युरिया निंबोळी लेपाचा आहे, असं कुणी सांगेल. तो लेप नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. वर फेकलेल्या दाण्यातून उडणारा अमोनिया त्यानं थांबत नाही.

शिरोळकडे क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप घालून पाण्याचा निचरा करतात. काम चांगलंच आहे, मेलेली रानं परत पिकायला लागली. पण त्याच पाइपातून क्षारांबरोबर नायट्रेटही थेट ओढ्यात उतरतं, हे कुणी बोलत नाही.

मासे एका रात्रीत मरतात त्याचं खापर मी उसावर फोडणार नाही. ते सांडपाण्याचं काम. बंधाऱ्यामागं साचलेल्या मैल्याला कुजताना ऑक्सिजन लागतो, माशांना लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम हवा असतो, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात वरच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले, की तळातलं काळं पाणी एकदम खाली सरकतं. पण नदीवर पसरते ती जलपर्णी? अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं जेवण म्हणजे नत्र आणि स्फुरद. ते सांडपाण्यातूनही येतं आणि प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या दोन्ही काठांच्या फडांतूनही. नाला दिसतो, वास मारतो, त्याचा फोटो निघतो. फडातून झिरपणाऱ्याचा फोटो निघत नाही.

इथं नेदरलँड्समध्ये शेणाचाही हिशेब द्यावा लागतो. जनावरांच्या खतातून हेक्टरी 170 किलो नत्र, त्यापुढं नाही. पातळ शेण उडवायचं नाही, जमिनीत चिरा पाडून आत सोडायचं, आणि हिवाळ्यात तेही बंद. हे सांगताना माझा सूर चढतो, हे मला कळतं. म्हणून पुढचंही सांगतो. हा शहाणपणा आपसूक आलेला नाही. 29 मे 2019 ला राड फान स्टाट या इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नत्राच्या प्रदूषणाची सरकारी योजनाच रद्द केली, बांधकामं अडकली, 1 ऑक्टोबरला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर द हेगमध्ये घुसले. पुढच्या वर्षी गाड्यांच्या धुरातलं नत्र कमी करायला दिवसा हमरस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आली. आणि ट्रॅक्टरवाले काय म्हणत होते? आम्हालाच का धरता, विमानतळाला का नाही! शिरोळचीच भाषा, फक्त डचमध्ये. फेल्युवेच्या जंगलात नत्र साचून जमीन आम्ल झाली, कॅल्शियम वाहून गेलं, कोलमेस या छोट्या पक्ष्याची पिल्लं पाय मोडलेली निघाली. तरी भांडण चालूच.

एक फरक मात्र खुपतो. वॉटरस्खापची, म्हणजे इथल्या निवडून दिलेल्या पाणी मंडळाची, पट्टी मी भरतो आणि त्याच्या निवडणुकीत मला मत आहे. संसदेसाठी नाही, पण चराच्या पाण्यासाठी आहे. पंचगंगेच्या पाण्यासाठी तिच्या काठावर जन्मून तिथंच राहिलेल्यालाही तसं मत नाही. मग मी कुठला, हा प्रश्न मला पासपोर्टपेक्षा ह्या पाणीपट्टीच्या बिलानं जास्त टोचतो.

असो. तोडणीनंतर पाला पेटवू नका, हे सांगितलं की 'पेटवल्याबिगर खोडवा फुटत न्हाई' असं उत्तर येतं. खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून परत येणारा ऊस. फुटतो. राखेतल्या पालाशनं (पोटॅशनं) चार दिवस हिरवेपणा दिसतो, पण हेक्टरी आठ-दहा टन पाला जळताना 40 ते 50 किलो नत्र धुरात जातं, आणि तेच मग दुकानातून आणायचं. बुडखे जमिनीलगत छाटा, पाला सरीत दाबा, त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. हा युरिया चुकवू नका. पाल्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू उसाच्या तोंडचं नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि शिव्या पाल्याला बसतात.

खोडव्याचं खत पहारीनं द्या: बुडख्यापासून 10-15 सेंमीवर, 15-20 सेंमी खोल, दोन भोकांत 30 सेंमी अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा 135 दिवसांच्या सुमारास विरुद्ध बाजूनं. वाफसा, म्हणजे रानात बेताची ओल, हवा आणि भोक टाचेनं दाबून बुजवायला हवं. कोरड्या रानात ते उघडं राहतं आणि अमोनिया वर येतो. मजूर मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण विहिरीचं पाणी तपासायला मजूर लागत नाहीत. भरणीनंतर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा, बर्फात ठेवून दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या वर आला, तर तो जयंती नाल्यातून तुमच्या विहिरीत चढलेला नसतो.